पाळी जाताना कोणती मुळी, किती आणि केव्हा नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात येतात आणि म्हणतात, 'अंगातून वाफा निघतात, काहीतरी थंड द्या.' दुकानदार शतावरी कल्पाचा डबा नाहीतर अशोकारिष्टाची बाटली पुढे करतो. आठवडी बाजारातला जडीबुटीवाला एकच पुडी काढतो आणि वाफा, कंबर, झोप, अंगावरून जाणे या सगळ्यांवर तीच चालते असे सांगतो. शतावरी, अशोक, अश्वगंधा ही नावे खरी आहेत, शास्त्रातली आहेत. घोटाळा होतो तो कोणत्या त्रासाला काय, किती आणि कशातून द्यायचे इथे. आम्ही प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा विषय शिकवणारे आणि त्यातच काम करणारे मराठवाड्यातले काही वैद्य आहोत. पाळी जातानाचा त्रास प्रत्येकीचा वेगळा असतो, म्हणून औषधही वेगळे असते, आणि काही लक्षणांत आमच्या काढ्याआधी तपासणी यावी लागते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा, म्हणजे पाळीचा, काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. आपल्याकडे बहुतेकींची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते, आणि त्याआधीची दोन-चार वर्षे ती लांबते, जवळ येते, कधी चार दिवसांची आठ दिवस चालते. चाळिशीच्या आत गेली तर 'लवकर सुटली' म्हणून गप्प बसू नये, तपासून घ्यावे. वाफांचा त्रास अनेकींना पाच-सात वर्षे राहतो, त्यामुळे 'एका महिन्यात मुळासकट' असे सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

आधी अंगावरून जाण्याविषयी, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कपड्याला एक डाग जरी लागला तरी तो पाळी 'परत आल्याचा' नसतो. त्या दिवशी अशोकारिष्ट सुरू करायचे नाही. आतून तपासणी, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणे, हे आधी. बहुतेकींत कारण साधे निघते, पण काहींत तो कर्करोगाचा पहिला इशारा असतो. स्तंभन करणाऱ्या, म्हणजे स्राव रोखणाऱ्या, औषधाने रक्त थांबले तर दुखणे आत वाढत राहते आणि बाई चार-सहा महिने उशिरा दवाखान्यात पोहोचते. पाळी अजून चालू असेल, पण तासाला एक पॅड भिजतो, मोठ्या गाठी पडतात, एकवीस दिवसांच्या आत परत येते किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसते, तरी हाच नियम.

गर्भाशयमुखाची तपासणी तर काहीच त्रास नसतानाही करून घ्यायची असते. याचा मोठा पुरावा आपल्याच भागातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतील १,३१,७४६ महिलांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी १९९९ पासून अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, जगभर वापरले गेले. धाराशिवच्या बाईने मात्र ही तपासणी अजून टाळावी, हे पटत नाही.

दुसरी गोष्ट पिशवी काढलेल्यांची. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. त्यांना वाफा, हाडे दुखणे, झोप उडणे सुरू झाले की त्यांनाही तीच शतावरी मिळते. अशा बाईने आधी आपले डिस्चार्ज कार्ड शोधावे. त्यावर फक्त 'टीएएच' किंवा 'व्हीएच' असेल तर पिशवी काढली आहे, अंडाशय बहुधा जागेवर आहेत. पाळी दिसणार नाही, पण शरीरातला पालट वेळेवर किंवा थोडा लवकर येईल. 'बीएसओ' ही अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशयही गेले आहेत आणि पालट त्याच आठवड्यात सुरू झालेला आहे. पंचेचाळिशीच्या आत असे झाले असेल तर हाडे आणि हृदय यांचे नुकसान कोणत्याही मुळीने भरून निघत नाही. अशा बाईला, आड येणारे दुसरे दुखणे नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या किंवा पट्ट्या देण्याचा विचार करावाच लागतो. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात पाठवावे. आम्ही वैद्य असून हे लिहितो आहोत, कारण ही जागा आमची नाही.

आता ज्या त्रासांत आयुर्वेद खरोखर उपयोगी पडतो त्यांकडे. मध्यम वयात पित्ताचा जोर असतो, म्हातारपणात वाताचा. पाळी जाण्याचा काळ नेमका या दोहोंच्या सांध्यावर येतो. म्हणून दोन प्रकारच्या बायका दिसतात. एकीला वाफा, घाम, तळपायाची आग, तोंड येणे, पटकन राग, छातीत धडधड. दुसरीला कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, सांधे कटकट वाजणे, झोप तुटणे, उगाच भीती. पुष्कळ जणींत दोन्ही मिसळलेले असते, तेव्हा जे जास्त छळते त्यापासून सुरुवात करायची. धडधड आणि घाम असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एकदा पाहून घ्यावा. थायरॉइड आणि रक्त कमी असणे ही दोन्ही दुखणी पाळी जाण्याचे हुबेहूब सोंग घेतात.

पहिल्या प्रकारात शतावरी. ती शीत आहे, पण पचायला जड आहे. जिची भूक मेली आहे, जेवण तासन्‌तास वर येते, तिला सरळ शतावरी दिली तर पोट फुगते आणि 'औषध बाधले' म्हणून ती सोडून देते. आधी आठवडाभर जेवणाआधी सुंठेची चिमूट आणि ताक, मग शतावरी. मात्रा ३ ग्रॅमपासून ६ ग्रॅमपर्यंत, दिवसातून एकदा किंवा दोनदा. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण ३ ग्रॅम बसते, शीग लावून भरला तर दुप्पट. 'एक चमचा' एवढेच सांगणाऱ्याने सपाट की शिगेचा हेही सांगावे.

घेण्याची उत्तम रीत क्षीरपाक. शास्त्रातले प्रमाण द्रव्य एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. म्हणजे १० ग्रॅम शतावरीची भरड, ८० मिली दूध, ३२० मिली पाणी. पातेले रुंद तोंडाचे, आच मंद, झाकण नाही. पाणी आटून दूध तेवढे उरले, म्हणजे पुन्हा ८० मिलीवर आले, की गाळून कोमट प्यायचे. आधी पातेल्यात ८० मिली पाणी ओतून चमच्याच्या दांड्यावर खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही. इथे तीन ठिकाणी बिघडते. बारीक चूर्ण वापरले की ते तळाशी बसून करपते, म्हणून भरडच हवी, मेथीदाण्याएवढी. पाणी न घालता नुसत्या दुधात उकळले तर दूध आटते, मुळीचा अंश मात्र उतरत नाही. आणि घाईने मोठी आच केली की दूध उतू जाते, उरलेले मोजायला काही राहत नाही. दूध पचत नसेल तर चूर्ण अर्धा चमचा तुपातून घ्यावे.

शतावरी कल्प हे वेगळे प्रकरण. कल्पात साखर भरपूर असते, आणि शतावरी किती हे डब्यावर 'प्रत्येक १० ग्रॅममध्ये' या ओळीत लिहिलेले असते. ती ओळ वाचून मग गणित करा. दहा ग्रॅमला एक ग्रॅम शतावरी असेल तर तीन ग्रॅमसाठी तीस ग्रॅम कल्प खावा लागेल, म्हणजे मुख्यतः साखर. मधुमेह असलेल्या बाईने कल्पाला हातच लावू नये, साधे चूर्ण घ्यावे. सुट्या शतावरीत इतर मुळांची भेसळ चालते, म्हणून भुकटीऐवजी अख्खी मुळी घेऊन घरी भरडणे बरे.

नुसती आग होत असेल, वाफा मध्यम असतील, तर धन्याचा हिम पुरतो. १० ग्रॅम धने जाडसर कुटून ६० मिली पाण्यात रात्री भिजत घालायचे, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात. सकाळी कुस्करून, गाळून, मधुमेह नसेल तर थोडी खडीसाखर घालून प्यायचे. चिमूटभर वाळा घातला तर आणखी चांगले. हिमाला उकळी नसते, म्हणून पाणी आधी उकळून गार केलेले असले पाहिजे. टँकरचे किंवा हौदातले पाणी तसेच वापरले तर वाफा राहतील बाजूला आणि जुलाब लागतील. वैशाखात तो दुपारपर्यंत ठेवू नये, आंबतो.

ज्येष्ठमधही याच गटातले. गोड, थंड, घशाला बरे, त्यामुळे बायका ते चघळतच राहतात. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, चालू असतील तर ते वर्ज्य. इतरांनीही दिवसाला १ ते २ ग्रॅमच्या वर आणि महिन्या-दीड महिन्याच्या वर वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. पाय सुजले, डोके जड झाले की बंद.

दुसऱ्या, कोरड्या प्रकारात अश्वगंधा. ती उष्ण आहे. वाफांनी हैराण झालेल्या बाईला कोणीतरी 'ताकद येते' म्हणून सकाळ-संध्याकाळ अश्वगंधा सांगतो आणि दहा दिवसांत तिच्या वाफा वाढतात, तोंड येते. तिथे ती शतावरीबरोबर अर्धी-अर्धी, तीही रात्रीच द्यावी. झोप तुटणारी, सुकलेली, भित्री बाई असेल तर अश्वगंधेसारखे औषध नाही. दीड ग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने ३ ग्रॅम, रात्री कोमट दुधातून. आठ ते बारा आठवडे घेऊन थांबायचे, फरक पाहायचा.

पाळी जाण्याच्या काळातल्या १०० महिलांवर अश्वगंधेची एक भारतीय चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मुळीचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे. खोट्या गोळीच्या तुलनेत त्रास कमी झाल्याचे तीत दिसले. पण ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे ३०० मिलिग्रॅम चूर्ण नव्हे. अर्काच्या कॅप्सूलची मात्रा चूर्णाला लावली तर औषध लागू होणार नाही, आणि चूर्णाची ग्रॅममधली मात्रा अर्काला लावली तर ती कित्येक पट होईल. डब्यावर 'मूळ' हा शब्दही पाहावा, कारण स्वस्त मालात पाला मिसळतात. आयुष मंत्रालयाने पाने न वापरण्याची सूचना उत्पादकांना दिलेली आहे. थायरॉइड वाढलेले असेल, यकृताचे दुखणे असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अश्वगंधा नको. थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असेल तरी वैद्याला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगून, सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहूनच. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेली, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी. हेच गुळवेलीलाही लागू. कोरोनाच्या काळात ती घरोघरी काढली गेली, तेव्हा तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही कापल्या गेल्या.

अशोकारिष्टाला बायकांचे टॉनिक समजतात, ही समजूत जाहिरातींनी केली आहे. ग्रंथात त्याचे मुख्य काम रक्तप्रदर, म्हणजे अंगावरून फार जाणे. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत, तपासणीत वावगे काही नसताना, रक्तस्राव जास्त असेल तर १२ ते २४ मिली, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर दोन वेळा हे चांगले औषध आहे. पाळी गेल्यावर नुसत्या वाफांसाठी बाटलीमागून बाटली पिण्यात अर्थ नाही. त्याच्या मूळ पाठात अशोकाची साल शंभर पल (पल हे जुने वजन) आणि गूळ दोनशे पल, म्हणजे सालीच्या दुप्पट. शिवाय त्यात आंबण्याने तयार झालेले मद्य असते. मधुमेह, यकृताचा आजार, आम्लपित्त असलेल्यांनी ते टाळून सालीचा क्षीरपाक घ्यावा, प्रमाण वर दिले तेच.

मात्र साल कोणाची, हे पाहा. शाळा, कोर्ट, तहसील यांच्या आवारात उंच सरळ वाढलेला, लांब नागमोडी कडेची सुटी पाने असणारा जो 'अशोक' आपल्याकडे सर्रास दिसतो, तो औषधी अशोक नाहीच. औषधी सीता-अशोक मध्यम उंचीचा, पसरट; पाने जोडीजोडीने, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती; फुले नारिंगी-तांबड्या गुच्छात, जुन्या फांद्यांवरही येणारी. हे झाड आता दुर्मिळ झाले आहे, म्हणून बाजारात उंच झाडाची साल अशोकाच्या नावाने विकली जाते. आवारातल्या झाडाची साल काढून काढा करणाऱ्या मंडळींनी ते थांबवावे. झाडही मरते आणि गुणही नाही.

झोपेचे औषध पायापासून सुरू करावे. तिळाचे तेल किंवा तूप आणि काशाची वाटी, एकेका तळपायाला दहा मिनिटे, झोपण्याआधी. तळवे काळे पडले की 'उष्णता बाहेर आली' म्हणतात. तो काळेपणा काशातले तांबे तेलाबरोबर घासले गेल्याचा आहे, उष्णतेचा नाही. पण झोप लागते हे खरे. जटामांसी घ्यायची तर १ ते २ ग्रॅम भरडीवर कपभर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवायचे. उघडे ठेवले किंवा उकळत बसले तर तिचे उडते तेल निघून जाते. जायफळ दुधात उगाळून दोन-तीन वेढे, बस. अख्खे किंवा अर्धे जायफळ पूड करून घेणारीला छातीत धडधड, भ्रम आणि उलट्या होऊन दवाखाना गाठावा लागतो. संध्याकाळी सहानंतर चहा नको. आणि मिश्री लावणारीने रात्रीची मिश्री बंद केल्याशिवाय झोपेच्या कोणत्याही औषधाचा हिशेब करू नये. तंबाखू झोप मोडते.

कोरडेपणा, जळजळ, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला सारखे जावे लागणे, हे बायका कोणालाच सांगत नाहीत. वाफा वर्षांनी कमी होतात, हा त्रास मात्र उपचार नसेल तर वाढत जातो. शेतात दिवसभर पाणी न पिता, लघवी दाबून काम करणाऱ्या बायकांत त्यावर जंतुसंसर्गाची भर पडते. आयुर्वेदात याला योनिपिचू आहे: उकळून कोमट केलेल्या औषधी तेलात किंवा शतावरी घृतात भिजवलेली, दोरा बांधलेली निर्जंतुक कापसाची वात, लघवीची भावना होईपर्यंत आत ठेवायची. पहिल्या काही वेळा हे वैद्याकडूनच व्हावे. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर आधी संसर्गावर उपचार, पिचू नंतर. घरचे उघड्या बरणीतले तेल यासाठी वापरू नये. सुगंधी साबण आणि आतून धुण्याची द्रावणे पूर्ण बंद. दोन-तीन महिन्यांत फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ जागच्या जागी लावायचे इस्ट्रोजेन मलम देतात. त्याला नकार देण्याचे कारण नाही, स्तनाचा कर्करोग झालेला असेल तेवढे मात्र विचारून. आणखी एक: पाळी लांबते म्हणजे दिवस राहणार नाहीत असे नाही. पन्नाशीनंतर पाळी गेली तर पुढे एक वर्ष, पन्नाशीआधी गेली तर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे. तेल-तूप लावल्यावर निरोध फाटतो, हेही लक्षात असावे.

हाडांसाठी लाक्षा गुग्गुळ, प्रवाळ पिष्टी (पोवळ्याची भुकटी), हाडसांधी (कांडवेल) ही औषधे सांगितली जातात. प्रवाळ पिष्टीची मात्रा १२५ ते २५० मिलिग्रॅम, आणि २५० मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम फार तर १०० मिलिग्रॅम. रोजची गरज १,००० ते १,२०० मिलिग्रॅमची आहे. तेव्हा प्रवाळ आम्लपित्ताला द्या, दाहाला द्या, पण 'कॅल्शियम झाले' म्हणू नका. हाडसांधीची कांडी कच्ची चावली तर घसा खवखवतो, सुजतो, कारण तिच्यात ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. शिरा सोलून, हाताला तेल लावून, तुपात परतून, चिंच घालून चटणी करावी. मुतखडा झालेल्यांनी टाळावी. गुग्गुळाची औषधे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नकोत. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम नाममात्र. ते येते दूध-दही-ताकातून, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तिळाच्या चटणीतून आणि पालेभाज्यांतून. सोबत रोज वजन पेलणारी चाल आणि उन्हात अर्धा तास. शेतात राबणारीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. तालुक्याच्या गावी बसून काम करणारीला आहे.

सोयाबीनबद्दल लातूर-नांदेडकडच्या वाचकांना विशेष रस असेल. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी साम्य असलेली द्रव्ये आहेत, वाफा काही प्रमाणात कमी होतात, पण दोन-तीन महिन्यांनी. ती द्रव्ये दाण्याच्या प्रथिनाच्या भागात असतात. रिफाइंड सोयातेलात नसतात, त्यामुळे 'आम्ही सोयाचेच तेल खातो' याला अर्थ नाही. दाणे रात्रभर भिजवून, पाणी टाकून, वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून मग दळावेत. कच्चे दळले तर पीठ कडवट लागते, पोट दुखते आणि प्रथिने पचत नाहीत. नऊ वाट्या ज्वारी किंवा गव्हाला एक वाटी सोया पुरे. थायरॉइडची गोळी घेणारीने गोळी आणि सोया यांत चार तास ठेवावेत. जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे जरूर खावी, शौचाला आणि कोलेस्टेरॉलला चांगली, मात्र जवसाने वाफा थांबतात हे चाचण्यांत टिकलेले नाही. जवस भाजून कुटलेलेच हवे, अख्खे तसेच बाहेर पडते.

ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे किंवा त्यावरची गोळी चालू आहे, त्यांनी शतावरी, ज्येष्ठमध आणि सोयाच्या कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ॲलोपॅथीच्या कोणत्याही गोळीत आणि चूर्णात दोन तासांचे अंतर असावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळी चूर्णे थांबवून डॉक्टरांना यादी द्यावी.

शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो असे सांगितले आहे. पत्र्याच्या घरात, बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, तो त्याआधीच उतरेल. म्हणून शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नये, काचेच्या बरणीत, अंधारात, ओला चमचा न घालता ठेवावे. पाकिटावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटक आणि प्रमाण हवे. नसेल तर ते परत करावे आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. नाव-गाव नसलेल्या पुडीने आठ दिवसांत सांधे, झोप, भूक सगळेच झटक्यात सुधारले तर आनंद मानण्याआधी तीत स्टेरॉइड आहे का याची शंका घ्यावी.

औषध लागू पडते की नाही हे मनाने ठरवू नये. वाफांच्या चाचण्यांत नुसत्या खोट्या गोळीनेही अनेकींना बरे वाटलेले आहे. औषधाआधी दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती वाफा आल्या आणि रात्री किती वेळा जाग आली हे दोन आकडे लिहावेत, मग औषध चालू असताना आठ आठवडे. आकडा निम्म्यावर आला तर तेच पुढे चालवावे. हलला नाही तर मात्रा दुप्पट न करता औषध बदलावे. वाफा दिवसाला दहा-बारा असतील, काम आणि झोप दोन्ही बुडत असतील तर आठ आठवडेही न थांबता हार्मोन उपचाराबद्दल विचारावे. त्यावर त्याच्याइतके परिणामकारक दुसरे काही नाही.

संपादक महोदय, शेवटी आपल्या पानांविषयी. 'मासिक पाळीच्या सर्व तक्रारी हमखास दूर' अशा जाहिराती मराठवाड्यातल्या बहुतेक दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत छापून येतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने पाळीच्या विकारांवरच्या औषधांची अशी जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि ती मनाई जाहिरातदारापुरती नाही, प्रसिद्धीत भाग घेणाऱ्यालाही लागू होते. त्या जाहिराती आपण घेऊ नयेत ही विनंती. आरोग्य पुरवणीत जागा असेल तर तिथे चौकटीत इतके छापावे: पाळी गेल्यावर रक्त दिसले तर औषध घेण्याआधी तपासणी, दवाखान्यात जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे, घरातली सगळी चूर्णे आणि कॅलेंडर सोबत न्यावे. नांदेड आणि धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, अंबाजोगाईला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा. चौकटीत हे पत्तेही द्यावेत.

आपले,
प्रसूतितंत्र व स्त्रीरोग विषयातले काही वैद्य,
मराठवाडा